तुइस्कूसाठी कच्चा बर्फ

बर्फावरच्या रस्त्याचे नियम आमच्या बेटावरच्या मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. सीटबेल्ट लावायचा नाही, बर्फ खचला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. पुढच्या गाडीपासून पन्नास मीटर लांब राहायचं. ओव्हरटेक करायचं नाही. आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही.

आणि हा माणूस थांबला होता.

ओउलू शहराचा किनारा मागे, आमचं बेट पुढे, आणि बरोबर मधोमध, गोठलेल्या समुद्रावर, त्याची जुनी निळी व्हॅन उभी होती. व्हॅनला ट्रेलर, ट्रेलरवर ताडपत्री, आणि ट्रेलरपाशी गुडघ्यांवर बसून तो उंच माणूस ताडपत्रीशी बोलत होता. खरंच बोलत होता. आमच्याकडे माणसं माणसांशीसुद्धा फार बोलत नाहीत, त्यामुळे ताडपत्रीशी बोलणारा दिसला की लक्ष जातंच.

मी स्नोमोबाइल वळवली. त्या रस्त्याची राखण हे माझं काम. रोज भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची, पातळ वाटेल तिथं पाणी ओतून आणखी एक थर गोठवायचा, कडेला फांद्या रोवायच्या. आणि थांबलेल्यांना हाकलायचं.

"इथं थांबायचं नसतं," मी म्हटलं.

"माहितीये."

"मग?"

"घसरलं."

"काय घसरलं?"

टोपीखालून दिसणारे त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. "जहाज," तो म्हणाला.

मी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं. आत खरंच जहाज होतं. माझ्याहून थोडं लांब, खाली काळं, वर सायीच्या रंगाचं, दोन धुराडी, टाचणीएवढे दिवे, शिड्या, आणि नाकाशी बारीक अक्षरांत नाव — तुइस्कू. हे नाव किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कित्येक हिवाळे या बर्फफोडीनं आखातातला बर्फ फोडून मालवाहू जहाजांना वाट करून दिली होती, आणि गेल्या शरद ऋतूत तिला भंगारात काढलं होतं.

"माझ्या रस्त्यावर बर्फफोडी आणलीस?"

"लहान आहे ती अजून."

"लहानपणी सगळेच गोड असतात."

तो हसला. हसताना एका बाजूनंच हसत होता, दुसरी बाजू परवानगीची वाट बघत असल्यासारखी. मी दोरीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि आम्ही जहाज जागेवर सरकवलं. तेवढ्यात लांबून एक ट्रक रस्त्यावर चढला आणि आमच्या पायांखालून बर्फ लांबलचक गुरगुरला. त्यानं माझी बाही धरली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "बोलतोय तो. गप्प झाला की घाबरायचं."

त्यानं बाही सोडली... लगेच नाही. "आर्तू," तो म्हणाला.

"हेल्का. आता निघ. आणि कुठं निघालायस ते सांग, म्हणजे वाटेत पुन्हा थांबणार नाहीस याची मला खात्री करता येईल."

असं म्हणून मी चक्क त्याच्या मागे गेले. पन्नास मीटर अंतर ठेवून.

त्याला तुइस्कूची परीक्षा घ्यायची होती. बेटाच्या जुन्या कोळीबंदरात आदल्या दिवशी कुणीतरी जाळ्यांसाठी बर्फ कापला होता. त्यावर रात्रीत नवा पातळ पापुद्रा धरलेला. आर्तूनं कडेच्या मोकळ्या पाण्यात जहाज सोडलं, गळ्यात रेडिओचा डबा अडकवला आणि हातमोजे काढले. धुराड्यांतून धूरसुद्धा आला. तुइस्कू ऐटीत निघाली, बर्फाशी पोचली, नाक वर करून बर्फावर चढली... आणि बसली. उन्हाला पहुडलेल्या सीलसारखी. मागचे पंखे हवेत भिरभिरत राहिले.

"हसू नकोस," आर्तू पाठमोराच म्हणाला.

"मी कुठं हसतेय?"

"तुझी सावली हलतेय."

त्यानं जहाज मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. पुन्हा सील. मग तो तिथंच ओंडक्यावर बसला आणि मी थर्मासमधली कॉफी त्याला दिली. कॉफी पिताना सगळं बाहेर आलं. त्याची आई ऐली या तुइस्कूवर स्वयंपाकीण होती. शाळेच्या सुट्ट्या त्यानं त्या जहाजाच्या भटारखान्यात वेलदोड्याचा पाव खात काढल्या होत्या. जहाज भंगारात निघालं तेव्हा जुन्या खलाशांनी मिळून ठरवलं, मार्चमध्ये ओउलूच्या बंदरावरच्या रिकाम्या गोदामात तिचं प्रदर्शन भरवायचं. फोटो नकोत, घंटा नको, तिला चालताना बघायचं. बर्फ फोडताना. आणि ते काम आर्तूकडे आलं, कारण तो दिवसा होड्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात तीन हिवाळे हेच जहाज बांधत बसला होता.

"हेलसिंकीहून एक बाई बघायला येणार आहेत," तो कपाकडे बघत म्हणाला. "चाललं, तर ते प्रदर्शन गावोगावच्या बंदरांत नेणार. दोन वर्षं. जहाजाबरोबर चालवणारा पण."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"छान आहे," मी म्हटलं. आणि तेव्हा मला ते खरंच छान वाटलं होतं. तेव्हा.

मी काठीनं तो पापुद्रा टोकरून पाहिला. "तू जहाज लहान केलंस, माणसं लहान केलीस, शिड्या लहान केल्यास. बर्फ मात्र मोठ्या माणसांचाच ठेवलास."

"पातळ घेतलाय की."

"पातळ म्हणजे कच्चा नव्हे. आमचा एप्रिलचा बर्फ बघ. हातभर जाड असतो, पण आतून नुसत्या सुया झालेल्या असतात. काठी लावली की ढासळतो. लहानपणापासून मी त्याच बर्फाला भिते. तुझ्या जहाजाला तो पाहिजे."

आर्तू माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोठ्या जहाजांच्या नमुन्यांची परीक्षा घेतात ना, तिथं पाण्यात मुद्दाम काहीतरी घालायचे, बर्फ कमजोर व्हावा म्हणून. मी वाचलंय. युरिया."

"बटाट्याला घालतात तो?"

"तोच असावा."

"आमच्या बाबांच्या कोठारात गोणी आहे," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी लक्षात आलं की आपण या माणसाला पुन्हा भेटायचं ठरवून टाकलंय.

प्रदर्शनासाठी गोदामात बांधलेला हौद लांबट होता, कमरेइतका खोल, भोवती फळ्यांचा कट्टा. संध्याकाळी माझं काम आटपलं की मी गोणीतून पिशवीभर युरिया घेऊन बर्फावरून ओउलूला जायची. पाण्यात तो ढवळायचा, गोदामाची दोन्ही मोठी दारं सताड उघडायची आणि थंडीला आत घ्यायचं. रात्रभर पाणी गोठायचं. मग पहाटे दारं लावून, गरम हवेचा पंखा सुरू करून, बर्फाला हळूहळू ऊब द्यायची, म्हणजे तो आतून सैलावायचा. आर्तू गोदामाजवळच राहायचा, त्यामुळे पहाटेची दारं त्याच्याकडे.

पहिला बर्फ झाला लापशीसारखा. दुसऱ्यावर तुइस्कू पुन्हा सील झाली. तिसरा दिसायला सुंदर होता, पण वासानं आम्ही दोघं बाहेर पळालो.

"तुझ्या अंगाला शेताचा वास येतोय," आर्तू म्हणाला.

"शहरातल्या मुलांना चांगला वास कळत नाही."

"कळतो. म्हणून तर सांगतोय."

मी उत्तर शोधत राहिले. ते मला बेटावर पोचल्यावर, भांडी घासताना सापडलं, आणि तोवर उपयोग नव्हता.

बाबांना मात्र सगळं आधीच सापडलं होतं. ओस्मो हे माझे बाबा, बटाटेवाले, आणि बर्फफोड्यांचे जुने शत्रू. पुलाशिवाय राहणाऱ्या बेटकऱ्याला हिवाळ्यातला बर्फ म्हणजे रस्ता, आणि तो फोडत हिंडणारं जहाज म्हणजे दरोडेखोर.

"गोणी उतरत चाललीय," एका सकाळी ते म्हणाले, "आणि तू गुणगुणायला लागलीयस. खत नक्की कुणाला घातलंस?"

"प्रदर्शनाला."

"प्रदर्शनाला नाव असेलच काहीतरी."

"आर्तू."

"त्याची आई कोण?"

"तुइस्कूवर स्वयंपाकीण होती."

बाबा बटाटा सोलता सोलता थांबले. "फोडणाऱ्यांच्यातला," ते म्हणाले. मग तोच बटाटा सोलून संपवल्यावर, "जेवायला आण. काय फोडतो ते बघू."

एका संध्याकाळी बर्फ जमला. आर्तूनं तुइस्कू सोडली, ती चढली, क्षणभर थबकली, आणि तिच्या पोटाखाली बर्फ मऊ आवाज करत खचला. मागे काळ्या पाण्याची अरुंद वाट उघडत गेली, आणि बर्फाचे तुकडे दोन्ही कडांना सरकून आडवे होत गेले. त्यानं रेडिओचा डबा माझ्या गळ्यात अडकवला.

"हळू," तो म्हणाला. "आपटायचं नाही. ती बर्फ कापत नाही, त्याच्यावर चढते आणि आपला भार सोडून देते. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच अवघड असतं."

त्याचा हात माझ्या हाताजवळ होता. टेकला नव्हता. पण मला त्याची ऊब मोज्यातूनही कळत होती, आणि मी जहाज सरळ कट्ट्यावर नेऊन धडकवलं.

"चालवायला तू नको," तो म्हणाला. "बर्फ करायला तू."

मग हेलसिंकीच्या बाईंचा फोन आला. मार्केत्ता त्यांचं नाव. त्यांचं येणं पक्कं झालं होतं. जहाज चाललं, तर प्रदर्शन संपल्याबरोबर सगळं दक्षिणेला हलवायचं होतं. पुढच्याच सोमवारी.

"सोमवारी निघावं लागेल," आर्तू म्हणाला.

"हो."

"चांगलंच आहे तसं."

"चांगलंच आहे."

"बंदरं बघायला मिळतील."

"मिळतील की."

थर्मासचं झाकण मी इतकं घट्ट लावलं की घरी जाऊन बाबांकडून उघडून घ्यावं लागलं. आमच्याकडे भांडण झालं की ते असं होतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, हवामानाबद्दल बोलतायत.

प्रदर्शनाच्या दिवशी मी उजाडता उजाडता निघाले. थंडी अशी होती की नाकातले केस ताठ झाले होते. रस्ता पायांखाली छान कडक, दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला त्याचा अभिमान वाटला असता. गोदामापाशी आले आणि पाहिलं — दोन्ही दारं सताड उघडी. गरम हवेचा पंखा बंद. आत बाहेरच्याइतकीच थंडी.

मी हौदावर वाकून बर्फावर काठी टेकवली. काचेसारखा आवाज आला. कडक, मोकळा, स्वच्छ. यावर तुइस्कू चढली असती आणि बसली असती, भरल्या गोदामासमोर.

आर्तू झोपून राहिला असणार, मला वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट वाटली, जी मी कुणाला सांगितली नाही, ती इथं सांगते. मला वाटलं, आपण काहीच करायचं नाही. परत जायचं, गर्दीबरोबर यायचं. जहाज चालणार नाही. बाई हेलसिंकीला परत जातील. आणि सोमवारी तो इथंच असेल.

मी उभी राहिले. बराच वेळ. कबुतरं तुळईवरून माझ्याकडे बघत होती.

मग मी पहिल्या दाराला खांदा लावला. ते खाली गोठून चिकटलं होतं. लाथ मारली, पुन्हा खांदा लावला, आणि ते रडत रडत सरकलं. दुसरं त्याहून हट्टी. पंखा सुरू केला तेव्हा माझ्या टोपीतून वाफ निघत होती.

बाजूचं छोटं दार उघडलं आणि आर्तू आत आला. झोपेतून उठलेला नव्हता. कपडे पूर्ण, ओठ निळे.

"दारं का लावलीस?" त्यानं विचारलं.

"का लावलीस म्हणजे? उघडी राहिली होती."

"राहिली नव्हती."

मला समजायला वेळ लागला. "तू कुठं होतास?"

"समोर. व्हॅनमध्ये."

"कधीपासून?"

"दारं लावायची वेळ झाली तेव्हापासून." त्यानं मोजे काढले, पुन्हा घातले. "उतरवेना."

"आर्तू, ते म्हातारे खलाशी येणार आहेत. तुइस्कूचे कॅप्टन सुलो डॉक्टरांशी भांडून येतायत. तुझी आई काल दिवसभर पाव भाजत होती. आणि तू..."

"माहितीये."

"तीन हिवाळे!"

"माहितीये, हेल्का." तो रिकाम्या खोक्यावर बसला. "मला वाटलं, तू लवकर येशील. बघशील. आणि... तू तसंच ठेवलंस दार, तर मला कळेल."

"काय कळेल?"

"मी राहावं असं तुला वाटतं का."

"हे विचारता येतं," मी म्हटलं. माझा आवाज तुळईपर्यंत गेला. "तोंडानं."

"तू सांगितलंस? तोंडानं?"

पंख्याचा घरघराट चालू होता. मी हौदाच्या कट्ट्यावर बसले, त्याच्याकडे पाठ करून, कारण समोर बघून ते जमलं नसतं.

"मी दारं लावली ती जहाज चालावं म्हणून," मी म्हटलं. "तू जावास म्हणून नाही. तू जाऊ नयेस असं मला सकाळी पहिलं भोक पाडताना वाटतं, आणि दुसरं पाडताना वाटतं, आणि संध्याकाळी युरिया ढवळताना तर... पण तुझं जहाज अडकावं असं नाही वाटू शकलं. प्रयत्न केला. नाही जमलं."

मागे तो उठल्याचा आवाज आला. मग तो माझ्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लागेल असा. आमच्याकडे लग्न झालेली माणसंसुद्धा बसच्या थांब्यावर इतकी जवळ बसत नाहीत.

"मी मूर्खपणा केला," तो म्हणाला.

"केलास."

"आता?"

"आता बर्फ," मी म्हटलं. "बाकीचं नंतर."

पण बर्फ ऐकत नव्हता. एवढं मोठं गोदाम, एक पंखा, आणि रात्रभराची थंडी भिंतींत मुरलेली. मी दर थोड्या वेळानं काठी टेकवत होते आणि तोच काचेचा आवाज येत होता. लोकांना आत घ्यायला अजून वेळ होता, तरी बाहेर रांग लागली होती. मी खिडकीतून पाहिलं. आमची माणसं रांगेत उभी राहतात तशीच उभी होती, प्रत्येकाच्या मध्ये एक गाय मावेल एवढी जागा सोडून. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वाफेचा छोटासा ढग.

"आर्तू," मी म्हटलं, "माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडीच."

तो माझ्या खांद्यावरून बाहेर डोकावला. "चालती," तो म्हणाला. "बोलती नाही."

"सगळ्यांना आत घेऊया. आत्ता. हौदाभोवती."

आम्ही दार उघडलं, माणसं आत घेतली, पुन्हा दार लावलं. आणि माणसं आत येऊन भिंतींना चिकटून उभी राहिली. गोदामाच्या चारी भिंतींना एकेक रांग, मध्ये एकटा हौद. अशा उबेचा काय उपयोग? आर्तूनं मला कर्णा दिला.

"तू बोल," मी म्हटलं.

"बर्फ तुझा आहे."

शाळेत एकदा मला सगळ्यांसमोर कविता म्हणायला उभं केलं होतं. तेव्हापासून मी चारपेक्षा जास्त माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. कर्ण्यातून माझाच श्वास गोदामभर ऐकू आला.

"नमस्कार," मी म्हटलं. "बर्फ फार कडक झालाय. जहाज त्यावर अडकेल. तो मऊ करायला ऊब पाहिजे, आणि ती तुमच्याकडे आहे. म्हणून... कृपया हौदाजवळ या. आणि जवळ उभे राहा. एकमेकांच्या."

कुणी हललं नाही. एक माणूस खोकला आणि ओशाळला.

भिंतीलगतच्या बाकावरून कॅप्टन सुलोंनी विचारलं, "किती जवळ?"

"खांद्याला खांदा लागेल इतके, कॅप्टन."

गोदामातून एक बारीक शिरशिरी उमटून गेली. दाढ काढायची आहे असं सांगितल्यावर उमटते तशी. कॅप्टननी काठीवर भार दिला आणि ते उठले. "तुइस्कूवर एका खोलीत आम्ही चौघं झोपायचो," ते म्हणाले. "त्यातला एक घोरायचा. कुणी मेलं नाही." ते हौदापाशी आले, फरची टोपी घातलेल्या एका बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या दंडाला दंड लावला. त्या मार्केत्ता होत्या, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग दुसरा आला. मग एक बाई, मुलाला कडेवर घेऊन. मग माझे बाबा, जे येणार नव्हते. ते आर्तूच्या आईच्या, ऐलीच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिनं विचारलं, "पाव घेणार?" बाबा म्हणाले, "फोडणाऱ्यांचा?" ती म्हणाली, "फोडूनच खातात तो." बाबांनी घेतला. आणखी एक घेतला.

इतक्या जवळ उभं राहिल्यावर गप्प बसणंही अवघड असतं. आधी कोट किती जड, मग पाव किती छान, मग कुणाचा मामा कुठल्या जहाजावर होता. गोदाम घुमायला लागलं. कॉफीची वाफ, लोकरीचा ओला वास, खिडक्यांच्या काचा धुरकट. छपरावरून एक थेंब माझ्या मानेवर पडला. मी काठी टेकवली. आवाज बदलला होता. काच नाही आता, लाकूड. दारांकडच्या टोकाला मात्र अजून काचच होती, आणि वेळ संपली होती.

आर्तूनं तुइस्कू पाण्यात सोडली.

ती हळू निघाली. चढली, भार सोडला, बर्फ खचला. बायका पुटपुटल्या, म्हातारे एकदम गप्प झाले. काळी वाट तिच्या मागे उघडत गेली. अर्ध्याच्या पुढे, दारांच्या बाजूला ती पुन्हा चढली... आणि बसली. सील. पंखे पाण्याबाहेर भिरभिरले. मार्केत्ताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

आर्तूनं डब्यावरचं एक छोटं बटण दाबलं, जे मी कधी वापरलेलं पाहिलं नव्हतं. तुइस्कूच्या पोटात पाणी या टाकीतून त्या टाकीत धावू लागलं. ती डावीकडे कलली. उजवीकडे कलली. पुन्हा डावीकडे. म्हातारी बाई खुर्चीतून उठताना झुलते तशी.

"टाक्या," एक खलाशी श्वास सोडत म्हणाला. "पोरानं टाक्यासुद्धा बसवल्यात."

आणि हौदाभोवतीचे सगळे म्हातारे, कोटाला कोट लावून उभे असलेले, नकळत तिच्याबरोबर डोलायला लागले. डावीकडे, उजवीकडे. त्यांच्यामध्ये दाबले गेलेले इतरही डोलले, कारण दुसरा इलाजच नव्हता. कट्ट्याच्या फळ्या करकरल्या. बर्फात एक बारीक रेघ उमटली, लांब झाली, आणि तुइस्कू धपकन खाली बसून पुढे सरकली, दारांपर्यंत.

टाळ्या झाल्या नाहीत. कॅप्टन सुलोंनी टोपी काढली आणि बराच वेळ डोळे पुसले, नंतर सगळेच वाफेला दोष देत होते.

मार्केत्ताबाई गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आल्या. "सोमवारी निघायचं," त्या म्हणाल्या. "ट्रक मी पाठवते."

"जहाज घेऊन जा," आर्तू म्हणाला. "कसं चालवायचं, बर्फ कसा गोठवायचा ते मी दाखवून ठेवतो. मी मे महिन्यात येईन."

"मे? का?"

"मे महिन्यात हिच्याकडे बर्फ नसतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आर्तूकडे पाहिलं. त्याचे कान पेटले होते, पण तो थांबला नाही.

"मे ते नोव्हेंबर आम्ही तुमच्याबरोबर फिरू. शीतयंत्र लावून बर्फ ही करेल, जहाज मी चालवेन. हिवाळ्यात आम्ही इथं. हिचा रस्ता असतो."

"आम्ही?" मी म्हटलं. "मला विचारलंस?"

"आत्ता विचारतोय."

"एवढ्या लोकांदेखत?"

"तूच त्यांना इतकं जवळ उभं केलंस."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळं ओउलू हाताच्या अंतरावर उभं होतं आणि ऐकू येत नसल्यासारखं आपापल्या बुटांकडे बघत होतं. बाबा सर्वांत जास्त मन लावून बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"मागे ऐकू आलं नाही," कॅप्टन सुलो म्हणाले.

कर्णा अजून माझ्या हातातच होता.